नाणं टांकसाळीत बिघडलं की बाहेर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार विचित्र नाणी हाती आली आहेत. एकाच्या कडेचा अर्धचंद्राएवढा तुकडाच नाही. दुसऱ्यावर सालाचे आकडे आणि अक्षरं दुहेरी दिसतात. तिसऱ्यावर चेहऱ्याच्या अंगावरच उलटी अक्षरं उमटली आहेत. चौथं नेहमीपेक्षा किंचित लहान, पण काठ मात्र चांगलाच जाड. यातली टांकसाळीची चूक कोणती आणि नंतर झालेलं नुकसान कोणतं?

दोघांबद्दल मी नुसत्या वर्णनावरून जवळपास खात्रीने सांगू शकतो. उरलेल्या दोघांसाठी तुम्हाला भिंग आणि काटा काढावा लागेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, वीसपटीच्या नादी लागू नका. काटा मात्र ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा हवा. सोबत व्यास मोजायला कॅलिपर असेल तर सोन्याहून पिवळं.

आधी मी कसं बघतो ते सांगतो. नवा संग्राहक एरर नाण्यांचे, म्हणजे टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांचे, फोटो पाठ करतो आणि हातातलं नाणं त्यातल्या एखाद्यासारखं दिसलं की खूश होतो. तिथेच तो फसतो, कारण हातोडीचा घाव आणि टांकसाळीची चूक फोटोत बऱ्याचदा सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. मी नाणं कसं तयार होतं ते डोळ्यांसमोर आणतो आणि विचारतो, हा प्रकार नेमका कोणत्या पायरीवर घडला असेल? पायरी सापडत नसेल तर नाणं कितीही चमत्कारिक असो, ते टांकसाळीतून तसं बाहेर पडलेलं नाही.

पायऱ्या फार नाहीत. धातूच्या लांब पट्ट्यातून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात. मग प्रत्येक चकती एका यंत्रात कडेने दाबत फिरवतात, त्याने तिचा काठ थोडा वर उचलला जातो. ही कोरी चकती प्रेसमध्ये कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते. वर एक डाय, म्हणजे चित्र कोरलेला पोलादी ठसा, खाली एक डाय. एकाच ठोक्यात दोन्ही बाजू आणि कड अशा तिन्ही गोष्टी तयार होतात, नाणं बाहेर ढकललं जातं, पुढची चकती आत. आधुनिक प्रेसवर हे मिनिटाला शेकडो वेळा चालतं. चूक चकतीत होईल, डायमध्ये होईल किंवा ठोक्याच्या वेळी होईल. चौथी जागा नाही.

यातून दोन गोष्टी निघतात आणि निम्मी नाणी त्या दोन गोष्टींवरच निकालात निघतात. एक, डायवर चित्र खोल आणि उलटं कोरलेलं असतं, म्हणून डायने केलेली प्रत्येक गोष्ट नाण्यावर उठावदार आणि सुलट येते. दोन, धातू हवेत विरत नाही. तो सरकतो, ढकलला जातो किंवा कापून काढला जातो. तेव्हा नाण्यावर खड्डा दिसला की पहिला प्रश्न हाच, की इथला धातू गेला कुठे?

आता तुमचं तिसरं नाणं घेऊ, कारण त्याच्याबद्दल मला फारशी शंका नाही.

चेहऱ्याच्या अंगावर उलटी आणि आत दबलेली अक्षरं. डायने दुसऱ्यांदा ठोका मारला असता तर अक्षरं सुलट आणि उठावाची आली असती. उलटी आणि खोलगट अक्षरं उमटायला दुसरं तयार नाणंच दाबलं जायला हवं. टांकसाळीत तसं घडतं, त्याला ब्रॉकेज म्हणतात. ठोका बसल्यावर एखादं नाणं बाहेर न पडता वरच्या डायला चिकटून राहतं. खाली नवी कोरी चकती येते. पुढच्या ठोक्याला त्या चकतीवर वरून डाय आदळतच नाही, चिकटलेलं नाणं आदळतं. म्हणजे खऱ्या पूर्ण ब्रॉकेजमध्ये नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं. एकीकडे सुलट आणि उठावदार, दुसरीकडे तेच चित्र उलट आणि खोलगट. ब्रॉकेजच्या बाजूला त्या बाजूचं स्वतःचं चित्र नसतं, कारण ते तिथे कधी उमटलेलंच नसतं. चिकटलेलं नाणं आणखी काही ठोके तसंच राहिलं तर ते चेपून पसरतं आणि त्याच्यामुळे उमटणारी प्रतिमाही मोठी आणि धूसर होत जाते.

तुमच्या नाण्यावर चेहरा आहे. अक्षरं त्या चेहऱ्याच्या वर आहेत. म्हणजे नाणं आधी पूर्ण तयार झालं आणि नंतर त्याच्यावर दुसरं नाणं दाबलं गेलं. हे काम व्हाइसमध्ये, म्हणजे दांड्याने आवळायच्या लोखंडी पकडीत होतं. दोन नाणी एकावर एक ठेवायची आणि दांडा आवळायचा. संग्राहक त्याला ‘व्हाइस जॉब’ म्हणतात.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः असं एक नाणं ‘ब्रॉकेज’ म्हणून घेतलं होतं. विकणाऱ्याने फसवलं की त्यालाही कळत नव्हतं, देव जाणे. घरी येऊन दिव्याखाली धरलं तेव्हा आधी आनंदच झाला, अक्षरं इतकी स्पष्ट होती. मग गाल बघितला. गालाचा उंचवटा चपटा झालेला, इस्त्री फिरवल्यासारखा. नाकाचा शेंडा आणि केसांच्या वरच्या बटाही तशाच. पण बटांच्या मधल्या फटी आणि डोळ्याचा खळगा अगदी शाबूत. उलटी अक्षरं फक्त उंच भागांवर होती, उतरणीवर ती विरळ होत गेली होती आणि मोकळ्या जागेत जवळजवळ नव्हतीच. नाणं उलटवलं. मागच्या बाजूच्या सगळ्यात उंच रेषाही चपट्या आणि त्यांच्यावर बारीक समांतर रेघा. त्या व्हाइसच्या जबड्याच्या होत्या. ते नाणं मी अजून जपून ठेवलंय. नवीन माणसाला शिकवायला त्याच्याइतकं चांगलं नाणं माझ्याकडे दुसरं नाही.

उंच भागांची ही खूण लक्षात ठेवा, ती आणखी एका जागी कामाला येते. कधीकधी प्रेसमध्ये चकती येतच नाही आणि दोन्ही डाय एकमेकांवर आपटतात. मग प्रत्येक डायवर समोरच्या चित्राची बाह्यरेषा उमटते आणि पुढच्या नाण्यांवर ती भुतासारखी फिकट दिसते. याला क्लॅश म्हणतात, आणि ही टांकसाळीची खरी चूक आहे. पण डायवर चित्र खोल असतं. डाय एकमेकांवर आपटतात तेव्हा भिडतात ते त्यांचे सपाट भाग, म्हणजे नाण्याची मोकळी जागा. म्हणून क्लॅशच्या खुणा चित्राच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत दिसतात, चित्राच्या अंगावर कधीच नाही. व्हाइसमध्ये बरोबर उलट होतं, कारण तिथे भिडतं नाणं आणि नाणं, आणि पहिला दाब नाण्याच्या उंचवट्यांवर येतो.

अपवाद आहेत. तयार नाणं प्रेसमध्येच अडकून राहिलं आणि त्याच्यावर दुसरं नाणं येऊन पुन्हा ठोका बसला, तर खऱ्या नाण्यावरही जुनं चित्र आणि उलटी छाप एकत्र दिसू शकते. पण तेव्हा त्याच्या दुसऱ्या बाजूला डायचा दुसरा ठोका दिसायला हवा, सुलट आणि उठावाचा. तुमच्या नाण्याची मागची बाजू साधी असेल, नुसती थोडी चपटी, तर प्रश्न मिटला.

दुहेरी अक्षरांचं नाणं सगळ्यात नाजूक, कारण इथे उत्तर ‘खरं की खोटं’ एवढ्या दोनच कप्प्यांत बसत नाही.

ज्या दुहेरीपणाला संग्राहक मान देतात तो डायमध्येच असतो. डाय तयार करताना उठावदार चित्राचा एक पोलादी साचा, म्हणजे हब, डायच्या पोलादात दाबतात. पूर्वी एका दाबात पूर्ण खोली मिळत नसे. मग डाय तापवून मऊ करायचा आणि पुन्हा दाबायचा. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरलेला बसला की डायवर कायमचं दुहेरी चित्र, आणि त्या डायने पाडलेलं प्रत्येक नाणं तसंच. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट. त्यावरचं साल आणि अक्षरं भिंगाशिवाय दुहेरी दिसतात. अशी वीस हजारांच्या वर नाणी चलनात मिसळून गेली, असं मानलं जातं.

पण तुम्हाला सापडणाऱ्या शंभर दुहेरी नाण्यांपैकी बहुतेक या जातीची नसतात. डाय किंवा त्याची पकड सैल असेल तर ठोका बसून गेल्यावर डाय नाण्यावरून निसटताना थोडा घसरतो आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराचा खांदा खरवडून बाजूला चेपतो. याला मशीन डबलिंग म्हणतात. हे टांकसाळीत घडतं हे खरं, त्यामुळे त्याला नंतरचं नुकसान म्हणता येत नाही. पण ते सतत घडत असतं, एका नाण्यासारखं दुसरं नसतं, आणि जाणकार संग्राहक त्याला वेगळी किंमत देत नाहीत. नवख्यांची सगळ्यात जास्त निराशा इथे होते.

दोन्हींतला फरक बघायचा तर एकच अक्षर निवडा आणि भिंगाखाली फक्त त्याचा टोकाचा कोपरा बघा. खऱ्या दुहेरी डायमध्ये दोन्ही प्रतिमा गोलसर, भरलेल्या असतात आणि अक्षराच्या टोकाशी, जिथे दोन प्रतिमा वेगळ्या होतात, तिथे सापाच्या जिभेसारखी फट दिसते. अक्षर एकंदरीत जाड झालेलं असतं, कारण त्यात भर पडलेली असते. मशीन डबलिंगमध्ये दुसरी ‘प्रतिमा’ ही खरं तर एक सपाट, चकचकीत पायरी असते, मूळ अक्षरापेक्षा खाली. ती अक्षराच्याच धातूतून खरवडून निघालेली असल्याने मूळ अक्षर तेवढंच बारीक होतं. अक्षरात भर पडली की घट झाली, एवढं ठरवता आलं की झालं. कधीकधी मी सरळ शेजारी साधं नाणं ठेवून अक्षराच्या रेषेची जाडी ताडून बघतो. डोळा फसतो, तुलना सहसा फसत नाही.

तिसरी गंमत झिजलेल्या डायची. हजारो ठोक्यांनंतर डायवरच्या अक्षरांच्या कडा झिजून पसरतात, आणि मग नाण्यावर अक्षराभोवती धूसर, फुगीर सावली येते. १९५५ च्याच काही सेंट नाण्यांवर शेवटचा ५ असा दुहेरी दिसतो. अमेरिकी संग्राहकांनी त्याचं बारसं ‘गरिबाचा डबल डाय’ असं केलं. नाव गमतीदार आहे, पण त्या नावाखाली ही नाणी फुगवून विकली गेली, हे गमतीचं नाही.

तुमचं नाणं मुलामा दिलेलं असेल तर आणखी एक शक्यता जमेस धरा. अमेरिकी सेंट १९८२ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूऐवजी तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या जस्ताचा झाला. अशा नाण्यांत ठोक्याच्या ताणाने अक्षराला लागून मुलामा फाटतो आणि खालचं जस्त करड्या रेषेसारखं दिसतं. लांबून ती सावली दुहेरी अक्षरासारखी भासते. भिंगाखाली मात्र तिला उंची नसते, नुसता रंग असतो.

दुहेरीपणावर मी जास्त बोललो. तुकडा गेलेल्या नाण्याकडे वळतो.

पट्ट्यातून चकत्या कापताना पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही तर चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती चंद्रकोरीएवढी अपुरी निघते. यालाच क्लिप म्हणतात. म्हणून खऱ्या क्लिपची वक्रता चकतीच्याच वक्रतेशी जुळते. पट्ट्याच्या टोकाशी कापली गेली तर क्लिप सरळ किंवा फाटक्या कडेची येते. पण कळीची गोष्ट ही, की क्लिप ठोक्याच्या आधीची आहे. काठ उचलणाऱ्या यंत्रात ही अपुरी चकती फिरते तेव्हा तुटलेला भाग यंत्राला टेकत नाही, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. परिणाम असा की क्लिपच्या बरोबर समोर, म्हणजे अर्धं वर्तुळ पलीकडे, काठ दबका राहतो किंवा पार नाहीसा होतो. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. खोटी क्लिप करणारा कानस घेऊन बसतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष कापायच्या जागेवर असतं. समोरचा काठ तसाच धडधाकट राहतो.

क्लिपच्या जवळची अक्षरंही बघा. ठोका बसताना धातू मोकळ्या दिशेला वाहतो. क्लिपपाशी त्याला अडवणारी कॉलर नसते, म्हणून शेजारची अक्षरं क्लिपकडे किंचित ओढल्यासारखी, पसरट आणि पुसट होत जातात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापलेल्या काकडीसारखं मध्येच सपकन संपतं. कापलेल्या जागेची कड भिंगाखाली कानशीच्या रेघा दाखवते, किंवा त्या लपवायला फारच गुळगुळीत घासलेली असते. ब्लेकस्ली प्रत्येक खऱ्या क्लिपवर ठळक असतोच असं नाही, लहान क्लिपवर तो जाणवतही नाही. तेव्हा तो नसला म्हणून नाणं लगेच खोटं ठरवू नका. धातूचा प्रवाह बघा, वजन करा, मग बोला.

चौथं नाणं, म्हणजे लहान आणि जाड काठाचं. मला अशी नाणी इतक्या वेळा दाखवली गेली आहेत की हल्ली प्रश्न संपायच्या आत मी विचारतो, ‘काठाजवळची अक्षरं अर्धवट गिळलेली आहेत का?’ बहुतेकदा उत्तर हो असतं.

हे कपडे वाळवण्याच्या यंत्रातलं नाणं आहे. ड्रमच्या फटीत अडकून बसतं आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने कडेवर आपटत फिरतं. प्रत्येक आपटीबरोबर कडेचा धातू थोडा आत आणि वर ढकलला जातो. काठ जाड होतो, आतल्या बाजूला वळतो, अक्षरांच्या पायावर चढतो. कडेवरचे दाते नाहीसे होतात. नाणं लहान होतं, पण धातू कुठेच गेलेला नसतो, नुसता जागा बदलतो. म्हणून वजन जवळजवळ पूर्ण भरतं. अमेरिकी पाव डॉलरचं उदाहरण घ्या. त्याचं ठरलेलं वजन ५.६७ ग्रॅम, व्यास २४.२६ मिलिमीटर. वजन जागेवर आणि व्यास मात्र मिलिमीटर-दीड मिलिमीटरने कमी, असं दिसलं तर नाणं चुकीच्या लहान चकतीवर पाडलेलं असूच शकत नाही. चुकीच्या लहान चकतीवर चित्र पूर्ण मापाचं असतं, चकती अपुरी पडते, म्हणून कडेची अक्षरं बाहेरून कापली जातात. आणि वजनही कमीच भरतं. वाळवणीच्या नाण्यात अक्षरं काठाखाली गाडली जातात.

वजनाचा आणखी एक उपयोग सांगतो. एका बाजूने तांबूस दिसणारं पाव डॉलरचं नाणं कुणी दाखवलं, तर त्याच्यावरचा निकेल-तांब्याचा वरचा थर मुळातच बसला नव्हता की ते जमिनीत, आगीत किंवा रसायनात रंगलं? या नाण्यांत दोन्ही बाजूंचे थर वजनाने प्रत्येकी सुमारे सहावा हिस्सा असतात. एक थर खरोखरच नसेल तर नाणं ४.७ ग्रॅमच्या आसपास भरतं. ५.६ भरलं तर फक्त रंग बदलला आहे. मान्य कमीजास्त ०.२२७ ग्रॅमचीच असते, तेव्हा गोंधळाला जागाच उरत नाही. आम्लात बुडवलेलं नाणंही हलकं भरतं, पण ते सगळीकडून सारखं खंगलेलं असतं. अक्षरं, काठ, कडेचे दाते सगळं बारीक आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत. मुळात पातळ चकतीवर पाडलेल्या नाण्यात एखादा भाग पुसट तर दुसरा ठसठशीत असा असमानपणा असतो.

दोन धातूंच्या नाण्यांबद्दल हल्ली फार विचारणा होते, म्हणून तेही आलं. ‘मधली चकती फिरलेली आहे’ असं सांगून नाणी दाखवतात. या नाण्यांत बाहेरचं कडं आणि मधला गाभा प्रेसमध्ये कोरे येतात आणि एकाच ठोक्यात एकमेकांत घट्ट बसतात. चित्रही त्याच ठोक्यात दोघांवर उमटतं. मग गाभ्यावरचं चित्र आणि कड्यावरचं चित्र एकमेकांच्या तुलनेत फिरलेलं येईलच कसं? आलं असेल तर गाभा कुणीतरी ठोकून बाहेर काढला आहे आणि पुन्हा बसवला आहे. गाभा केंद्रापासून सरकलेला असणं मात्र शक्य आहे. तिथे कड्याचा धातू गाभ्यावर किंवा गाभ्याचा कड्यावर पसरलेला दिसतो आणि चित्र दोघांवरून अखंड जातं.

खड्डे आणि ओरखडे. ओरखडा म्हणजे टोकदार वस्तूने धातू नांगरला गेला. नांगराच्या तासासारखी त्याच्या दोन्ही काठांना उठलेली धार असते, नखाला लागते. टांकसाळीत चकती आणि डाय यांच्यामध्ये दोरा, तार, कापडाचा तुकडा किंवा वंगणाचा गोळा आला तरी खड्डाच पडतो, पण ठोक्याच्या दाबाखाली. तिथे धातूला वर उठायला जागाच नसते, म्हणून काठ मऊ आणि सपाट. उलट डायला तडा गेला तर नाण्यावर उठावाची बारीक रेघ येते, डायचा काठाजवळचा तुकडाच निघाला तर उठावाचा गोळा येतो, आणि तेव्हा नाण्याच्या दुसऱ्या बाजूला बरोबर त्याच जागी चित्र पुसट असतं, कारण तिथे धातूला दाबणारं समोर कुणी उरत नाही. नंतर डाग दिलेला धातूचा थेंब मागची बाजू पुसट करू शकत नाही.

याच बाबतीत मी एकदा तोंडावर आपटलो. एका नाण्यावर चेहऱ्यापासून काठापर्यंत वळत गेलेली चर होती. मी बघताक्षणी ‘ओरखडा’ म्हणून ते खर्चाच्या नाण्यांच्या डब्यात टाकलं. एका मित्राने ते उचललं, भिंग लावलं आणि काही न बोलता माझ्यासमोर धरलं. चरीच्या दोन्ही काठांना धार नव्हती. तळाशी तिरक्या बारीक पिळांची ओळ होती, दोऱ्याला असतात तशी. चर अक्षरावरून जाताना अक्षर फाटलं नव्हतं, नुसतं दबलं होतं. चकती आणि डायमध्ये सुताचा तुकडा आला होता. अनुभवी माणसाची घाई नवख्याच्या घाईपेक्षा वाईट, कारण त्याला टोकणारं कुणी नसतं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नाणं एका दिव्याखाली हळूहळू कलवून बघतो. ठोक्यात धातू केंद्राकडून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे नव्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. खऱ्या एररमध्ये ही झळाळी बिघडलेल्या भागावरूनही वाहत जाते, कारण बिघाड आणि झळाळी एकाच क्षणी जन्मलेली असतात. नंतरचा घाव त्या जागी झळाळी तोडतो, तिथे चकाकी वेगळी, मेलेली किंवा घासलेली दिसते. झिजलेल्या नाण्यांवर हा उपाय चालत नाही. तिथे काटा आणि काठाची तपासणीच खरी. म्हणून नाणं पुसू नका, ब्रश लावू नका, चिंच-लिंबू तर लांबच. पुरावा आधी तिथेच धुतला जातो.

प्रसिद्ध एरर नाण्यांचं वेगळंच दुखणं. तिथे नुकसान अपघाती नसतं, मुद्दाम घडवलेलं असतं. अमेरिकेने १९४३ मध्ये युद्धामुळे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले, काही मोजक्या जुन्या कांस्य चकत्या चुकून त्यात गेल्या. मग ते दुर्मिळ कांस्य सेंट भासवायला लोकांनी पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा दिला. तो लोहचुंबकाला चिकटतो, शिवाय पोलादी सेंट २.७० ग्रॅमचा, कांस्याचा ३.११ ग्रॅमचा. पण त्याहून वस्ताद मंडळींनी १९४८ चा सेंट घेऊन ८ चा डावा भाग छिलला. तो मुळात कांस्याचाच, त्यामुळे चुंबक आणि काटा दोन्ही परीक्षांत पास. पकडला जातो तो आकड्याच्या वळणावर, कारण १९४३ मधल्या ३ ची शेपटी बरीच खाली उतरते, आणि ८ मधून कोरलेल्या ३ ला ती मिळत नाही.

तसाच अमेरिकेच्या डेन्व्हर टांकसाळीचा १९३७ चा तीन पायांचा म्हैसछाप निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं. डाय फार घासला गेल्याने प्राण्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. नंतर साध्या नाण्यांचे पाय खरवडून शेकडो हात कामाला लागले. खऱ्या नाण्यावर पोटापासून जमिनीपर्यंत बारीक उठावदार ठिपक्यांची ओळ उतरते. ती डायमधली असल्याने उठावाची आहे, खरवडून ती तयार करता येत नाही. काढणं सोपं असतं, उठाव निर्माण करणं अवघड, हे सूत्र इथेही लागू पडतं. ब्रिटनच्या २००८ च्या साल नसलेल्या वीस पेन्सच्या बाबतीतही साल घासलेल्या जागेचा पोत लगेच वेगळा दिसतो. मूळ चूक होती दोन रचनांच्या डायची जोडी जुळवण्यात, एका रचनेत साल मागे होतं, दुसरीत पुढे, आणि नेमक्या साल नसलेल्या दोन बाजू एकत्र आल्या. त्यामुळे खऱ्या नाण्यावर साल पुसलेलं नसतं, ते तिथे कधी नव्हतंच.

दोन्ही बाजूंना एकच छाप असलेलं नाणं कुणी दाखवलं तर काठाच्या आतल्या बाजूला वर्तुळाकार बारीक फट शोधा. जवळजवळ नेहमी ते जादूगाराचं नाणं निघतं, एकाला आतून कोरून त्यात दुसरं घासून बसवलेलं. टेबलावर टाकलं तर आवाजही बोदा येतो.

तर तुमच्या चौघांचं असं. तिसरं व्हाइसमधलं, चौथं वाळवणीच्या यंत्रातलं. त्यांवर वेळ घालवू नका. दुसऱ्याच्या फक्त एका अक्षराच्या टोकाचा फोटो भिंगातून काढा, दिवा बाजूने ठेवून, कारण समोरून प्रकाश पडला की पायरी आणि फट सारखीच दिसतात. पहिल्यासाठी वजन कळवा, क्लिपजवळच्या अक्षरांचा एक फोटो, आणि क्लिपच्या बरोबर समोरच्या काठाचा एक, नाणं उभं धरून काढलेला.